थरच्या वाळवंटात दगड वेचताना

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी माझे पेन अडखळले होते. खिडकीपाशी रांग होती, मागचा मुलगा खांद्यावरून डोकावत होता. मी घाईघाईने ‘शेती’ असे लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. वास्तविक आमच्या नावावर वीतभरही जमीन नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते बावीस वर्षे खडीच्या खाणीवर दगड फोडीत आले. ही गोष्ट मी वर्गात कुणालाही सांगितली नव्हती. आज आपल्या वार्षिकाच्या पानावर ती सांगत आहे. हे धैर्य मला एका प्रवासाने दिले. त्या प्रवासाचीच ही हकीकत.

आमचे गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजूला. नजर पोचेल तिथवर केळीच्या बागा, आणि डोंगराच्या अंगाला गेले की काळा कातळ. सुरुंगाने सुटलेले धोंडे घणाने फोडायचे आणि क्रशरच्या तोंडी द्यायचे, हे आप्पांचे काम. कधीकधी कातळात एखादी पोकळी लागते. तिच्यात पांढरेशुभ्र, क्वचित हिरवट स्फटिक फुलासारखे उमललेले असतात. आम्ही त्यांना सरसकट गारा म्हणत असू. त्यांतले पुष्कळसे झिओलाइट वर्गातले असतात, आणि जळगाव जिल्ह्यातल्या खाणींचे असे स्फटिक देशोदेशींच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, हे मला फार उशिरा, कॉलेजात आल्यावर कळले. आप्पांना व्यापाऱ्याकडून एका गारेचे दहा-वीस रुपये मिळत. फुटकी गार असली तर ती माझी! लहानपणी माझ्याकडे अशा फुटक्या गारांचा डबाच होता. शाळेत कुणी विचारले की मी म्हणे, ‘रस्त्यात सापडल्या.’ म्हणजे खोटे बोलण्याची सवय जुनीच म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात आप्पांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून पाहिला आणि ‘धुळीत जाऊ नका’ असे सांगितले. सांगणे सोपे होते. पण आमचे घर त्या धुळीवरच चालत होते!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. मामा केळीचा ट्रक चालवतात. त्यांचा क्लीनर काम सोडून गेला होता आणि जैसलमेरची खेप समोर होती. माय चुलीकडे बघतच म्हणाली, “एक खेप याला न्या म्हणते मी. जमलं तर पुढचं बघू.” त्या ‘पुढचं’ या शब्दात काय दडले होते ते आम्हा चौघांनाही ठाऊक होते. जमले तर कॉलेज सुटणार. आप्पा काही बोलले नाहीत. ते खोकत होते.

भूगोल हा माझा विषय. जैसलमेरला निघालो आहे असे मी सरांना फोनवर कळवले, तेव्हा ते एकदम उत्साहात आले. “अरे, तिथं झाडंझुडपं नाहीत, माती नाही. खडक सगळा उघडा! बघत जा.” मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. चाकूने दगडावर ओरखडा उठतो का ते पाहायचे. उठला, तर त्या भुकटीवर लिंबू पिळून बुडबुडे येतात का ते पाहायचे. आले तर तो चुनखडक. आणि सापडेल त्या दगडाचा ठिकाणा वहीत लिहायचा, कारण ठिकाणा नसलेला दगड म्हणजे पत्ता नसलेले पत्र. भिंग मी गावच्या जत्रेतले घेतले. चाकू मामांचा होता. लिंबाचे पुढे सांगतो.

रात्री माल भरून झाला. हिरवे घड, मध्ये केळीचा पाला, वरून ताडपत्री. मामांनी मला पहिले काम शिकवले ते चाके वाजवण्याचे. टामी घेऊन एकेका टायरवर ठोका मारायचा. हवा भरलेला टायर टणकन बोलतो, बसत चाललेला थपकन. “डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, भाचेबुवा. कानानं बघायचं,” मामा म्हणाले.

धुळे, नवापूर, सोनगड. सुरतेपर्यंत रस्त्याच्या कडेला बहुतेक आपलाच काळा दगड सोबतीला होता. भरुचला नर्मदा ओलांडली. इथून जवळच रतनपूरच्या बाजूला अकीक निघतो आणि तो खंबातला जाऊन मणी-माळा होतो. हा अकीक मुळात आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेला, म्हणजे आमच्या गारांचा भाऊबंद. पण तो घासून चकाकी देताना उडणारी धूळ कारागिरांच्या छातीत बसते, आणि खंबातचे कितीतरी कारागीर त्या रोगाने गेले आहेत. ही माहिती मी मामांना सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. मामाही काही बोलले नाहीत. दोघांनाही एकच खोकला आठवला असावा.

अहमदाबादनंतर पालनपूरपर्यंत सपाट गाळाची जमीन. मैलोगणती दगड म्हणून नाही! दगड पुन्हा भेटला तो बारमेरला. गावाला टेकूनच तांबूस टेकड्या उभ्या आहेत. चहाला थांबलो तेव्हा मी एक तुकडा उचलला. चाकू त्यावर चालेना. हाही आमच्या कातळासारखाच ज्वालामुखीतून आलेला. पण आमचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन्ही आगीचीच लेकरे. पण आमचा कातळ याच्यापुढे कालचे पोर!

बारमेरहून जैसलमेर दीडशे किलोमीटर. पहाट झाली तशी वाळवंटाविषयीची माझी समजूत गळून पडली. वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर, उंट आणि चांदणे, असे चित्र मी चित्रपटांतून घेऊन आलो होतो. वाळूच्या तशा टेकड्या आहेत. त्या पाहायला लोक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या समला जातात. पण त्या रस्त्यावर मला दिसली ती बहुतेक खडकाळ, उघडी जमीन. वाऱ्याने बारीक वाळू उडवून नेलेली आणि खाली फरशी घातल्यासारखे दगडगोटे उरलेले. मध्येच खेजडीचे एखादे झाड, केरची झुडपे, शेळ्या. जैसलमेर अलीकडे सतराएक किलोमीटरवर एक पाटी झर्रकन मागे गेली : अकल, काष्ठ-जीवाश्म उद्यान. मी ओरडलो, “मामा, थांबा!” मामा म्हणाले, “केळी पिकतील. येताना.”

माल उतरला. परतीचे भाडे मात्र लगेच मिळेना. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की पिवळ्या फरश्या भरायच्या आहेत, पण तीन दिवस थांबावे लागेल. मामा वैतागले. मी मनातल्या मनात उडी मारली!

जैसलमेर पाहिलेच पाहिजे. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला किल्ला टेकडीवर अजून नांदता आहे. आत माणसे राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात. किल्ला, हवेल्या, दुकाने, पाणपोई, सगळे एकाच पिवळ्या दगडाचे. संध्याकाळी त्यावर ऊन पडले की तो दगड मधासारखा दिसू लागतो. लोक त्याचे फोटो काढीत होते. मी मात्र एका पडक्या भिंतीतून गळलेला चुरा तळहातावर घेतला आणि लिंबू शोधू लागलो. खिशात लिंबू नव्हते. ट्रकपाशी परत आलो तर समोरच्या बंपरला मिरच्यांसोबत बांधलेले लिंबू दिसले. मागचापुढचा विचार न करता ते तोडून पिळले. भिंगाखाली बारीक बारीक बुडबुडे फसफसू लागले! मी आनंदाने “चुनखडक! चुनखडक!” असे ओरडलो आणि वर पाहिले, तो मामा उभे. “अरे गाढवा, गाडीची नजर उतरवायचं लिंबू ते!” त्या दिवशी नवे लिंबू-मिरची माझ्या पैशांतून आली.

दुसऱ्या दिवशी फरशीच्या कारखान्यामागच्या माळावर सकाळीच निघालो. पाण्याची एक बाटली, भिंग, चाकू, टामी आणि वही. खरोखर, दगड वेचण्याचे वेड लागते! एक दगड उचलावा तर पुढचा खुणावतो. पिवळ्या खडकात शिंपल्यांचे अर्धगोल ठसे दिसले तेव्हा मी जमिनीवर बसूनच राहिलो. शिंपले! जिथे वर्षाला जेमतेम पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे समुद्राचे प्राणी! जुरासिक काळात, सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा आणि शिंपल्यांचा हा खडक झाला. जैसलमेरच्या याच परिसरात सापडलेल्या १६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरला शास्त्रज्ञांनी २०२३ साली ‘थारोसॉरस’ असे नाव दिले. सोन्यासारखा किल्ला म्हणजे मुळात समुद्राचा तळ रचून उभा केलेला!

या विचारात किती दूर गेलो ते कळले नाही. मान वर केली तर चारही बाजू सारख्या. मी येताना पवनचक्कीची खूण धरली होती. पण त्या माळावर पवनचक्क्या शेकड्यांनी आहेत आणि सगळ्या एकसारख्या! सूर्य डोक्यावर. पाणी संपलेले. फोनला रेंज नाही. नोव्हेंबरचे दिवस असूनही तोंड कोरडे पडले. खरे सांगतो, मित्रांनो, त्या घटकेला मला ना जुरासिक काळ आठवला ना सरांचे शब्द. मायचा चुलीकडे वळलेला चेहरा तेवढा आठवला. वेड्यासारखा एका दिशेला धावलो, मग दुसऱ्या. शेवटी थांबलो, कारण आप्पांची एक सवय आठवली. सुरुंगानंतर धूळ उठली की ते डोळे मिटून उभे राहत आणि आधी ऐकत. मीही डोळे मिटले. वाऱ्याखाली, फार बारीक, एक किरकिर येत होती. दगड कापणाऱ्या पात्याची! तिच्या रोखाने अर्धा-पाऊण तास चाललो आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागलो. मामांनी त्या दिवशी प्रथमच माझ्यावर आवाज चढवला. “तुझ्या मायला मी काय तोंड दाखवलं असतं?” आणि मग स्वतःच्या हाताने चहा पाजला.

तिसरा दिवस माझ्या आयुष्यात राहील. कारखान्याच्या एका कोपऱ्यात म्हातारे कारागीर जाळी कोरीत बसत. तिकडच्या सिलावट समाजातले. हवेल्यांच्या जाळ्या-सज्जे कोरणारी ही पिढीजात मंडळी. बाबांनी एक फरशी उभी केली, छिन्नीच्या मागच्या टोकाने तिच्यावर हलका ठोका मारला, कान जवळ नेला. मान हलवून ती बाजूला ठेवली. दुसरीला ठोका. ही ठेवून घेतली. मला हसू आले. ते माझ्याकडे पाहू लागले, तसा मी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणालो, “माझे वडीलही असेच करतात.”

“काय करतात तुझे वडील?”

तोच रकाना! पण तिथे रांग नव्हती, मागून कुणी डोकावत नव्हते. मी म्हणालो, “दगड फोडतात. खाणीवर.”

बाबांनी छिन्नी खाली ठेवली. हात झटकले. सरकून बसले आणि शेजारची जागा थोपटून म्हणाले, “मग तिकडे उभा का? तू तर घरचाच.”

वाचकहो, माझ्या घशाशी काहीतरी दाटून आले. एवढे साधे होते तर! जो शब्द मी दीड वर्ष लपवला, तो उच्चारताच एका परक्या प्रांतात मला बसायला जागा मिळाली.

मग आम्ही पुष्कळ बोललो. आप्पांचा कातळ कसा, घण किती वजनाचा, मजुरी किती, सारे त्यांनी विचारले. खोकल्याचे सांगितले तेव्हा ते गप्प झाले. त्यांचा एक नातेवाईक जोधपूरकडच्या वालुकाश्माच्या खाणीत होता. तो सिलिकोसिसने अंथरुणाला खिळला आहे. राजस्थान सरकारने या रोगासाठी २०१९ साली स्वतंत्र धोरण केले, रोग्याला प्रमाणपत्र आणि मदत मिळते; “पण कागद छातीत जाऊन धूळ काढत नाही,” बाबा म्हणाले. कारखान्यातल्या पात्यावर पाण्याची धार अखंड चालू होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “पाणी मारलं की धूळ बसते. वडिलांना सांग.” निघताना त्यांनी टाकाऊ ढिगातून हाताच्या पंजाएवढा एक पिवळा, ओबडधोबड धोंडा उचलला, दोनदा वाजवून पाहिला आणि माझ्या हाती दिला. “हा वडिलांना दे. त्यांना म्हणावं, उघडा.”

फरश्या भरून निघालो. मामांनी शब्द पाळला आणि अकलला ट्रक उभा केला.

उद्यान म्हणावे तर तिथे हिरवे पान नाही. एकवीस हेक्टरांचा उघडा, तांबूस उतार आणि त्यावर पत्र्याच्या छपरांखाली लोखंडी जाळ्यांत आडवे पडलेले वृक्ष! खोडे, सालीच्या रेघा, गाठी, सगळे जसेच्या तसे, पण दगडाचे. सर्वांत मोठे खोड तेरा मीटरांहून लांब आहे. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे दमट, उबदार रान होते. सूचिपर्णी वर्गातली, फुले न येणारी उंच झाडे होती. ती कोसळली, गाळाखाली गाडली गेली. हवा न लागल्यामुळे लवकर कुजली नाहीत. पाण्यात विरघळलेली सिलिका खोडाच्या पेशीपेशींत झिरपत गेली. हळूहळू लाकूड गेले आणि त्याच्या आकाराचा दगड उरला. त्यानंतर या भागावर समुद्र आला, समुद्रही हटला, आणि मग कधीतरी वाळवंट आले. रान, समुद्र, वाळवंट, हे सगळे सतरा किलोमीटरांच्या आत! आणि या रानानंतर अकरा कोटींहून अधिक वर्षे गेली, तेव्हा कुठे आमच्या खाणीचा कातळ तप्त रस होऊन जमिनीतून बाहेर आला.

जाळीबाहेर, पायाजवळ, बोटभर लांबीची एक चीप पडली होती. तिच्यावर लाकडाच्या रेषा स्पष्ट होत्या. चौकीदार लांब होता. मी चप्पल नीट करण्याच्या निमित्ताने वाकलो आणि ती मुठीत घेतली. माझ्या संग्रहात हिच्या तोडीचे काय असणार! ट्रकजवळ आलो तेव्हा मामा चाके वाजवीत होते. माझ्या मुठीकडे न बघताच ते म्हणाले, “भाचेबुवा, सव्वीस वर्षं केळी वाहतो मी. गाडीतल्या मालातलं एक केळं खाल्लं नाही. भूक लागली तर ढाब्यावर विकत घेतो. माल ज्याचा त्याला पोचवायचा, एवढंच आपलं काम.” मी मुकाट्याने परत गेलो आणि चीप होती तिथे ठेवली. वहीत तिचे चित्र काढून घेतले. चित्र चांगले आले नाही.

पाचव्या दिवशी गावी पोचलो. रात्रीची वेळ. माय पुढ्यात ताट ठेवून म्हणाली, “जमलं का?” मी उत्तराऐवजी पिशवीतून धोंडा काढून आप्पांपुढे ठेवला. निरोप सांगितला. आप्पांनी दिवा जवळ ओढला. धोंडा फिरवून पाहिला, बोटाने कड चाचपली, नखाने टिचकी मारली. “बसक्या आवाजाचा नाही. मऊ आहे, पण चांगला. इथं शीर आहे बघ.” मला काही दिसत नव्हते. त्यांनी सुतकी मागितली. एक ठोका, फार जोराचाही नाही. धोंडा वहीसारखा उघडला. आत एक अख्खा शिंपला, बोराएवढा, पंख्यासारख्या रेषांचा.

आप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हा पाण्यातला. म्हणजे तिथं पाणी होतं. आणि दगडाच्या आत आहे, म्हणजे दगड त्याच्यानंतर झाला.”

मला हे समजायला सरांचे तास आणि दोन पुस्तके लागली होती. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. मी त्यांना समुद्राचे सांगितले, अकलच्या झाडांचे सांगितले, पाण्याच्या धारेचेही सांगितले. मायने निखाऱ्यावर पाणी मारले, तरी आम्ही बोलतच होतो. झोपताना आप्पा इतकेच म्हणाले, “गाडीवर सुट्टीत जात जा. शाळा चालू राहू दे.” कॉलेजला ते अजून शाळाच म्हणतात.

सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते पुन्हा ‘शेती’ लिहिल्यासारखे होईल. आप्पांनी खाण सोडली. ते आता केळीच्या बागेत पाणी द्यायला जातात. मजुरी कमी मिळते आणि खोकला अजून आहे. क्रशरवर पाणी मारावे असे त्यांनी जाऊन सांगितले. अजून तरी तिथे धूळ तशीच उडते आहे. मी सुट्ट्यांत मामांबरोबर दोन खेपा केल्या, पुढेही करीन. शिंपल्याचा अर्धा भाग आपल्या भूगोल विभागाच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर ठिकाणा लिहिला आहे, आणि ‘उघडणारे’ म्हणून आप्पांचे नाव. दुसरा अर्धा त्यांच्या उशाशी असतो.

येत्या जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. तो रकाना त्यातही असेल. रांगही असेल. मागचा मुलगा डोकावला तर डोकावू दे. मी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिणार आहे : दगडफोड.